खांदशेकनीच्या दिवशी टाकलेले बलब

रस्त्यानं कोनतीबी गाडी जाऊ द्या, समोरून ती कशी हाये ते मी पाहत नाही. निघून गेली का मंग तिच्या पाठीकडं पाहते. दोन्ही लाल लाईट लागले तर बरं वाटते. एक बंद असला का जीव खाली-वर होते. मानूस ओळखीचा असो नसो, मी वरडून सांगते, "अरे मागचा लाईट लागत नाही तुहा!" काही लोक हात दाखोतात. काही हासतात, म्हातारी सटकली म्हनून.

ही सवय मले सहा वरसापासून लागली. माहा एकुलता पोरगा मोटारसायकलवर घरी येत होता, दिवेलागनीच्या टायमाले. रस्त्यात कापसाची ट्रॉली उभी होती, पंक्चर झालेली. मागं लाईट नाही, काही नाही. तो तिच्यावर गेला. ट्रॉलीवाला मंग म्हने, मी मागं दगड ठेवले होते. दगड काय चमकतात?

त्याच्याबद्दल मी यापेक्षा जास्त बोलत नाही.

घरात मंग आमी दोघीच उरलो, मी अन् सून. लेकरू त्यायले झालं नव्हतं. तेराव्यानंतर तिच्या माहेरचे तिले घ्याले आले. ती म्हने, "वांग्याचा तोडा चालू हाये, तोडा झाला का पाहू." मंग मेथी आली. मंग आंबाडी. मंग पुन्हा वांगे. तिचा तोडा काही सरला नाही, अन् मीबी कवा इचारलं नाही.

पोरानं मरायच्या आधी दोन वरस एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती, कोनाची तरी वापरलेली. ती अंगनात तशीच उभी राह्यली. तिच्याखाली कोंबड्या अंडे घालत. एक दिवस पाहते तं सून तिले पान्यानं धुऊन राह्यली. म्हनली, "आत्याबाई, भाजी डोक्यावर किती दिवस न्यायची?" भावाले बोलावून वावरात शिकली. चार बाया हासल्या, दोन मानसं बोलले. तिनं कान दिला नाही. बुलढान्याले, चिखलीले, घाट उतरून मोताळ्याले, सगळीकडं भाजी ती पोचवते.

मी तिले तवाच सांगलं, "समोरची गाडी तुही. मागची माही."

बुलढान्याच्या एका मिस्त्रीपाशी जाऊन मी बलब बदलाचं शिकली. तो म्हने, "मावशी, तुमी काऊन त्रास घेता? सुनेले दाखोतो ना."

मी म्हनली, "तिले समोरचं पाहू दे. मागचं मले सांग."

शाळेत मी दोन वरस गेली असन, पन हाताचं काम मले एकदा दाखोलं का पुरते. लाल काचेचे दोन स्क्रू. ते काढले का काच हातात येते. काच म्हनजे पिलास्टिकच, उन्हानं चिराळलेलं, जोरानं वढलं तर तुटन. आत बलब. तो जरा दाबायचा अन् फिरवायचा, मंग निघते. काळा पडला असन तर गेला. नव्या बलबाले दोन कान असतात, एक वर, एक जरा खाली. उलटा घातला तर जात नाही, जबरदस्ती करायची नाही. अन् त्याच्या बुडाले शिशाच्या दोन टिकल्या. मिस्त्री मले बोट लावून सांगे, "मावशी, एक टिकली साध्या लाईटची, एक ब्रेकची. करंट इथूनच येते. या टिकल्या चकचकीत पायजेत."

हे त्यानं मले सांगलं होतं. मी आईकलं होतं. म्हनून तं मनाले जास्त लागते.

मागं एकदा घर सारवलं तवा पुढची भीत मी चुन्यानं पांढरी करून घेतली. गाडीची पाठ त्या भितीकडं करून उभी करतो. सून आत बसून ब्रेक दाबते, मी भितीवर पाहते. दोन लाल गोल उमटले का गाडी जाऊ देते. गाडी निघाली तरी मी रस्त्यावर उभी राहते. नाल्यापाशी वळन हाये, तिथं ती ब्रेक मारते. ते दोन लाल दिसले का मंगच घरात येते. सहा वरसात हे चुकलं नव्हतं.

चुकलं ते गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकनी असते. वरसभर बैलाच्या खांद्यावर जू असते, म्हनून त्या दिवशी त्याच्या खांद्याले हळद अन् तूप गरम करून चोळायचं. चोळता चोळता त्याले म्हनायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. चाळीस वरस मी हे केलं. पोरगा गेल्यावर बैल विकावे लागले. पहिल्या पोळ्याले दावन रिकामी पाहून मले राहवलं नाही. वाटीत तूप-हळद घेतली अन् व्हॅनले चोळली. ओझं तं आता तीच वाह्यते.

शेजारची चुलत जाऊ कुडावरून पाहत होती. म्हनली, "बाई, उद्या तिले पुरनपोळीबी चारता का?"

मी म्हनली, "चारीन. तुह्या नवऱ्यापेक्षा काम तरी करते."

तवापासून दर वरसी करते.

तं गेल्या वरसी त्या दिवशी सकाळीच भितीवर एकच लाल गोल उमटला. डावा बलब गेला होता. मिस्त्री सांगत असे का बलब जोडीनं बदला, एक गेला का दुसराबी जास्त दिवस राहत नाही. म्हनून मी फाट्यावरच्या दुकानातून नवी जोडी आनली. तिच्यासंगं हातबॅटरीचे सेलबी आनले, कारन पावसापान्याचं आमच्याकडं लाईन कवाबी जाते. सेल कोनाड्यात ठेवले अन् बलब बदलाले बसली. आत माती होती, एक मेलेला किडा होता, तो फुकून काढला. दोन्ही बलब बसोले.

"दाब!"

"दाबला."

भितीवर दोन लाल. एकसारखे.

"सोड. दाब पुन्हा."

"आत्याबाई, झालं का, का आरतीच करायची हाये?"

"करू नको का?"

ती हासत उतरली अन् वांग्याचे कॅरेट भरू लागली. दुसऱ्या दिवशी सन, मोताळ्याच्या दुकानदाराले वांगे अन् मेथी संध्याकाळच्या आधी पायजे होती. सकाळपासून आभाळ खाली आलेलं. आमच्या इथंच भुरभुर होती, घाटात तं ढगच असनार.

ती हातपाय धुवाले गेली तवर मी वाटीत तूप-हळद गरम केली. चारी चाकायले लावली, हँडलले लावली. कोनाड्यातले नवे सेलबी आनले, त्यायच्या डोक्यावर बोट टेकवलं. घरात नवीन काही आलं का मी लावतेच, इळा असो का घागर. मंग माह्या मनात आलं का आज जोडी नवी हाये. नवी जोडी तूप-हळद लावल्याबिगर कशी जुपायची?

स्क्रू पुन्हा काढले. काचेले हळद लावली तर उजेड कमी होईन, एवढी अक्कल मले होती. म्हनून बलबाच्या मानेले लावली, पितळ असते तिथं. अन् बुडाले. त्या दोन टिकल्या दिसल्या, तिथंच बोटभर भरली. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असंबी म्हनली. बलब बसोले, काच लावली, स्क्रू आवळले.

पुन्हा दाबून पाह्यलं नाही. आत्ताच तं पाह्यलं होतं.

सून घाईनं आली, गाडीत बसली. "येते आत्याबाई."

"सावकाश जा. अन् फोन उचलू नको गाडी चालोतानी."

"आठोन हाये. दर वेळी सांगता."

मी तिच्या मांगं निघालीच होती का आतून दूध करपल्याचा वास आला. चुलीकडं पळाली. भांडं उतरवून बाहीर येते तवर गाडी नाल्याच्या पल्याड गेलेली. मनाले जरा चुकचुकलं. पन म्हनलं, नवे बलब हायेत, आज काय पाह्याचं.

घंट्याभरानं बॅटरीत सेल घालाले बसली. घातले, बटन दाबलं. लागेना. झाकन काढून उलटे घातले, पुन्हा सुलटे घातले. लागेना. दुकानदारानं मेलेले सेल देल्ले म्हनून त्याले दोन शिव्या घातल्या. मंग पाह्यलं का सेलाच्या टोकावर हळद वाळून बसली. पदरानं पुसली. बटन दाबलं. लागली.

उजेड समोरच्या चुन्याच्या भितीवर पडला. मी त्या उजेडाकडं पाहत राह्यली अन् मले बलबाच्या बुडाच्या टिकल्या आठोल्या. हातातलं झाकन खाली पडलं ते मी उचललंबी नाही.

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. तिसऱ्यांदा तं बाई बोलू लागली का ज्यायले फोन करता ते लागत नाही. ती फोन कसा उचलन? मीच सांगलं होतं. माहं एक आईकते ती, ते हेच.

जावेले हाक मारली, "घराकडं लक्ष ठेव वं."

"कुठं निघाल्या? उद्या सन हाये!"

"येते."

"अहो पन चपला तं घाला!"

तिनंच चपला आनून देल्ल्या. रस्त्यावर रिक्षा भेटली, बुलढान्यापर्यंत. स्टँडवर मोताळ्याची गाडी लागलीच होती. मी डायवरच्या मांगच्या सीटवर बसली, समोरचं दिसलं पायजे म्हनून.

कंडक्टर आला. "आजी, कुठं?"

"मोताळा. नाहीतर घाटातच उतरीन."

"घाटात स्टॉप नाही. काय हाये घाटात?"

"काही नसलं तर बरं."

त्यानं मंग तिकीट फाडलं अन् पुढं गेला.

राजूर घाट लागला अन् काचेच्या पलीकडं सगळं पांढरं झालं. झाडं नाही, दरी नाही. समोरच्या गाडीचं तं अंगच दिसेना. फक्त दोन लाल ठिपके दिसत, ते मोठे झाले का डायवर ब्रेक मारे. मी त्या ठिपक्यायले धरून बसली होती. अन् मनात एकच, तिच्या मांगं ठिपके नाहीत. तिच्या मांगं जो कोनी असन त्याले ती दिसनारच नाही. पोरगा ट्रॉलीवर गेला तवा ट्रॉलीवाल्याले मी काय काय बोलली होती. आता तो ट्रॉलीवाला मी झाली.

दोन वळनं उतरलो अन् गाडी थांबली. पुढं लाईन. डायवरनं इंजन बंद केलं. खालून दोन मानसं चालत वर येत होते, त्यायले डायवरनं खिडकीतून इचारलं.

"काय झालं रे?"

"ठोकली. एकीच्या मांगून दुसरी घुसली."

मी उठून उभी राह्यली. "कोनती गाडी हाये, बापू? रंग कोनता?"

"पांढरी हाये आजी, पुढची."

मी दरवाजाकडं गेली. कंडक्टर म्हने, "आजी, लाईन सुटली तर तुमाले शोधत बसनार नाही."

"नका शोधू."

रस्ता वला होता. एका हातानं कठड्याचे दगड धरून मी खाली चालू लागली. एकामांगं एक गाड्या उभ्या, सगळ्यायचे मांगचे लाईट लागलेले. त्या धुक्यात लालच लाल. सगळ्या दुनियेचे लाईट लागले होते. ट्रक, टेम्पो, जीप, जी गाडी येई तिची पाठ पाहू, मंग पुढं. मी थांबली नाही. थांबली असती तं पुन्हा चालली नसती.

मंग आवाज आले.

"ब्रेक काऊन मारला बे?"

"माकड आलं ना समोर! त्याच्या अंगावर घालू काय?"

"तुहा लाईटच नाही लागला!"

"लागला होता! डोळे कुठं ठेवतं तू?"

दोन मानसं कॉलर धराच्या बेतात होते. रस्त्यावर लाल पिलास्टिकचे तुकडे सांडलेले. पुढं पांढरी गाडी, पाठ चेपलेली. पन ती व्हॅन नव्हती, कोनाची तरी लांब, नव्यासारखी मोटर होती. बाजूले एक बाई लेकराले पोटाशी घेऊन उभी, लेकरू रडतबी नव्हतं. कोनाले काही लागलं नव्हतं.

मी कठड्यावर बसली. भांडनाऱ्यातला एक जन जवळ आला. "आजी, तुमाले काय झालं? लागलं का?"

"नाही. चालू द्या तुमचं."

तो वरमला जरा. मंग त्यायनंच दोघायनं मिळून मोटर बाजूले ढकलली.

लाईन सुटली. आमची गाडी आली तवा कंडक्टर दरवाज्यात उभा राहून हाका मारत होता, "आजी! ओ आजी!" मले हात धरून वर घेतलं. पुढं प्रत्येक वळनावर मी खाली पाहत होती, कठडा तुटला हाये का, झाडं मोडले हायेत का. घाट सरला. मोताळा आलं.

बाजाराच्या तोंडाशी व्हॅन उभी होती. सगळी. अख्खी. सून रिकामे कॅरेट एकात एक घालत होती. मले पाह्यलं अन् तिच्या हातातलं कॅरेट खाली पडलं.

"आत्याबाई? काय झालं घरी? कोनाले काय झालं?"

तिचं तोंड इतकं उतरलं का मले पह्यले तिलेच धीर द्यावा लागला. "काही नाही झालं. मले मोताळ्याले काम होतं."

"तुमाले? मोताळ्याले?"

मी सरळ गाडीच्या मांगं गेली. उजव्या काचेले एकच स्क्रू होता. मी दोन लावले होते, दोन्ही आवळले होते. मंग मी तिच्याकडं वळली. तिच्या पदराचं टोक पिवळं होतं, तुपानं चिकट झालेलं. तिनं ते कंबरेत खोचलं.

"लागतात आता," ती म्हनली. "चहा घेता का?"

चहा घेतला. परत येतानी मी तिच्या बाजूले बसली. चढाले धुकं जरा वर सरकलं होतं. अर्ध्या घाटात एक मोठं वळन हाये, तिथं कठड्यापाशी वडाच्या पारंब्या लोंबतात. तिथं तिनं गाडी हळू केली.

"इथं," ती म्हनली.

मी इचारलं, "किती?"

तिनं स्टेरिंगवरचा एक हात काढून मांडीपासून डॅशबोर्डापर्यंत दाखोला. एवढं. "मांगं ट्रक होता. डायवर उतरून मले लय बोलला. मंग त्यानंच पेचकस देल्ला स्क्रू काढाले. एक स्क्रू गवतात पडला, सापडला नाही."

मी म्हनली, "तूप मी लावलं होतं."

"मंग दुसरं कोन लावनार?" ती म्हनली. अन् घाट चढून वर आल्यावर, बुलढान्याचे दुकानं दिसाले लागले तवा, समोर पाहतच म्हनली, "आत्याबाई, बैलाच्या खांद्याले तूप लावतात. घशात कोंबत नाही."

मले हासू आलं अन् ते मधीच अडकलं. मी खिडकीकडं तोंड केलं. तिनं पाह्यलं नाही, का पाहून सोडून देल्लं, मले माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. गावातल्या बैलायच्या घंट्या सकाळपासून वाजत होत्या. मी चुलीपाशी होती तं सून हात पुसत आली. बुलढान्यातून येतानी घेतलेला नवा स्क्रू तिच्या हातात होता. तो तिनं लावला. मंग मले म्हनली, "चला. आज मी मांगून पाहते. तुमी आत बसा."

"कुठं?"

"कुठं म्हनजे? ब्रेक कुठं असते?"

त्या सीटवर मी कवा बसली नव्हती. सीटले पोरानं आनलेली खोळ हाये, निळ्या पट्ट्याची, त्याच्या बसन्यानं मधी खड्डा पडलेला. सून सहा वरस त्याच खड्ड्यात बसून गाडी चालोते. मी म्हनली, "तूच बस, मी पाहते. मांगची गाडी माही हाये."

"काल घाटात मांगची गाडी मलेच पाहावी लागली," ती म्हनली.

मंग मी बसली. पाय पुरेना, जरा पुढं सरकावं लागलं. चपला काढल्या. त्या लोखंडावर उघडा पाय ठेवला. गार होतं.

मांगून आवाज आला. "दाबा."

दाबला.

समोर काचेतून मले फक्त गोठा दिसत होता, रिकामी दावन. मांगचं काहीच दिसत नाही त्या सीटवरून. तिथं बसलेल्याले दुसऱ्यानं सांगलं तेच खरं.

"लागला का?"

"सोडा."

"लागला का सांग ना वं!"

"पुन्हा दाबा."

दाबला. सगळं अंग त्या पायात आनून दाबला.

"दोन्ही?" मी इचारलं.

"दोन्ही."

तरी मी पाय काढला नाही.